नमनालाच घडाभर तेल

दोन वर्षांचं भाडं, आगाऊ.
चीफ अडेग्बेन्रो महिन्यांत बोलत नाहीत.
खुर्चीतून न उठता म्हणाले,
वर दलालाचे दहा टक्के, वकिलाचे दहा,
आणि मोडतोडीची अनामत.
त्या गाळ्यात मोडण्यासारखी एक खिडकी होती,
ती आधीच मोडलेली.

वही माझ्याकडे.
मी अपापा बंदरातला कारकून,
दिवसभर परक्यांचे कंटेनर मोजतो,
संध्याकाळी सुरुलेरेला येऊन बहिणीचे चमचे.
बारा टेबलं ठरली होती, सात आली.
खुर्च्या चर्चच्या, भाड्याने, रविवारी परत करायच्या.
मग रविवारी लोकांनी उभ्याने जेवायचं का?
लिही, खुर्च्या, इदारा म्हणाली,
रविवारचं रविवारी.

वीज आहे. कधी असते ते विचारू नये.
म्हणून जनरेटर, जनरेटरला डिझेल,
डिझेलला पिंप, पिंपाला कुलूप,
कुलपाला राखणदार,
आणि राखणदाराला भूक.
कोपऱ्यावरच्या पोरांना 'काहीतरी' द्यावं लागतं,
त्या काहीतरीची पावती नसते.
मी ते 'किरकोळ'मध्ये टाकलं.
महिनाअखेरीस किरकोळ
डिझेलच्याही पुढे निघून गेलं.

काळ्या, शिंगाएवढ्या गोगलगायी
कलाबारहून रात्रीच्या बसने येतात.
निघताना जिवंत असतात.
वाटेत टायर फुटला
की पोत्यातल्या पोत्यात निम्म्या मरतात;
हमाली मात्र पूर्ण पोत्याची.

पाटीवर कर, तोही चौरस मीटरवर.
तिला हवं होतं:
'आरितच्या लेकीची खानावळ, कलाबारची चव'.
आरित म्हणजे आमची आई.
रंगारी मुफुताऊने फूटपट्टी लावली, आकडा सांगितला.
आधी कलाबार गेलं,
त्याच्या मागोमाग चव.
मग लेक गेली.
दुसऱ्या दिवशी, बराच वेळ भांडी उगाच हलवून,
तिने आईलाही पुसायला सांगितलं.
उरलं: खानावळ.
'उघडी आहे, एवढं तरी लिहू का?' मुफुताऊ म्हणाला.
'त्याचे किती?'

एक रकाना मी न विचारता आखला होता:
सोडलेला पगार. बँकेतला, अकरा वर्षांचा.
तिने पेन घेतलं आणि आडवी रेघ मारली.
खर्च म्हणजे दिलं ते, म्हणाली,
सोडलं ते नव्हे.
मी म्हणालो, आमच्या बंदरात
जहाज नुसतं उभं राहिलं तरी भाडं चढतं.
मी जहाज नाही, म्हणाली,
आणि कांदे चिरायला बसली.
ती रेघ अजून आहे. खालचा आकडा वाचता येतो.

उद्घाटनाच्या सकाळी
लाल पामतेलाचा पंचवीस लिटरचा डबा फोडला.
दुपारपर्यंत अर्धा झाला होता
आणि दारात कोणी नव्हतं;
पंखा, राखणदार, मी.
वीज गेली. जनरेटर खोकला, लागला नाही.
सिकिरू मेकॅनिक आला, हात काळे करून उठला,
ते धुतले, आणि सहज टेबलाशी बसला.
अफांगच्या दोन थाळ्या.
कवच तोंडाला लावून एकेक गोगलगाय ओढत,
रस्त्यावर ऐकू जाईल असा.
उठताना म्हणाला,
मागच्या बिलातून वजा करा.

भवानी झाली. गल्ल्यात काही पडलं नाही.
मी पेन धरून बसलो:
हे जमेत की खर्चात?

आतून इदाराने विचारलं, काय म्हणाला तो?
वजा करा म्हणाला.
ते नाही रे. रश्श्याचं काय म्हणाला?

मी वहीत पाहिलं.
मग वही मिटली आणि बाहेर धावलो.
तो पानाच्या टपरीशी अजून उभा होता,
दात कोरत.